इंदूरहून आडवाटा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सराफा, छप्पन दुकान आणि राजवाडा यांची माहिती पाहुण्यांना हल्ली आमच्याआधीच असते. त्यापुढचे प्रश्न इथे घेतले आहेत. पुण्या-नागपूरचे मेहुणे, भाचे आणि जुने शेजारी सुट्टीत इंदूरला उतरले की पोहे-जलेबी संपायच्या आत हे प्रश्न सुरू होतात.

उज्जैन-ओंकारेश्वर झालं की संपलं ना? अजून वेगळं असं आहे तरी काय?

भरपूर आहे, फक्त ते एका रेषेवर आहे हे कुणी सांगत नाही. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. दक्षिणेला महूच्या पुढे गेलात की हे पठार तुटतं आणि खाली निमाड लागतं, म्हणजे नर्मदेचं खोरं. या तुटक्या कडेवर आणि तिच्या पायथ्याशी बहुतेक सगळं आहे: धबधबा, घाटातली रेल्वे, मांडू, बागची लेणी, डायनासोरची अंडी. वरचा काळा दगड सह्याद्रीचाच, लाव्हारसाचा बसाल्ट. खाली उतरलं की त्याच्या पोटाखालचे जुने थर उघडे दिसतात. ही कडा धरून फिरलं तर इतिहास आणि भूगोल आपोआप एकत्र येतात, त्यासाठी गाईड लागत नाही.

एका दिवसात किती ठिकाणं होतील?

एक दिवस, एक दिशा. धार-मांडू एक दिवस, पाताळपाणी आणि जानापाव एक दिवस, बागला स्वतंत्र दिवस. "सकाळी मांडू, दुपारी महेश्वर, संध्याकाळी ओंकारेश्वर" असा बेत घेऊन येणाऱ्यांना आम्ही गाडी काढून देतो, सोबत जात नाही.

जानापावला देवळाशिवाय काय आहे?

पाणलोट आहे. महूच्या पुढचा हा डोंगर माळव्यातल्या उंच माथ्यांपैकी एक, साडेआठशे मीटरच्या आसपास. वर परशुरामाचं जन्मस्थान मानतात, कुंड आहे, कार्तिक पौर्णिमेला मोठी जत्रा भरते. पण उभं राहून बघायची गोष्ट वेगळी आहे. चंबळ इथे उगम पावते आणि उत्तरेला निघते. राजस्थानच्या सीमेवरून, बीहडांतून, मगरी-घडियालांना सांभाळत ती यमुनेला मिळते, म्हणजे अखेर गंगेतून बंगालच्या उपसागरात जाते. याच डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांनी नर्मदेत उतरतो आणि भरूचजवळ अरबी समुद्राला मिळतो. पावसाळ्यात माथ्यावर उभं राहिलात तर डाव्या चपलेवरचं पाणी एका समुद्राचं आणि उजव्या चपलेवरचं दुसऱ्या, असं म्हणायला हरकत नाही.

इथून सात नद्या निघतात असं पुजारी सांगतात. कुणी साडेसात म्हणतं. अर्धी नदी कोणती, यावर पायऱ्यांवर बसलेल्या मंडळींत मतभेद असतात आणि ते ऐकण्यासारखे असतात.

उन्हाळ्यात जाऊन "चंबळ कुठाय?" असं विचारू नका. उगम म्हणजे कुंड आणि ओल, एवढंच असतं.

घाटातली ती छोटी रेल्वे अजून चालते का?

पाताळपाणी ते काळाकुंड ही मीटरगेजवरची पर्यटन गाडी २५ डिसेंबर २०१८ ला सुरू झाली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, पण त्यात बोगदे, वळणं, दरीवरचे पूल आणि १ ला ४० असा चढ. मोठमोठ्या काचांचे डबे आहेत. गाडी रोज नसते. पावसाळा आणि हिवाळ्याच्या मोसमात, बहुधा शनिवार-रविवारी सोडतात आणि दर वर्षी दिवस आणि वेळा बदलतात. रेल्वेचं त्या वर्षीचं वेळापत्रक बघूनच निघा. श्रावणातल्या रविवारचं तिकीट आयत्या वेळी मिळत नाही, मग पाहुणे आमच्यावर रुसतात.

या मार्गाची गोष्ट गाडीपेक्षा मोठी आहे. इंग्रजांची मोठी लाईन खंडव्यावरून गेली आणि इंदूर बाजूला राहिलं. तेव्हा महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी आपल्या राजधानीपर्यंत रेल्वे यावी म्हणून सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं. संस्थानिक इंग्रजांकडून कर्ज घेत, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. इथे उलटं झालं. खंडवा-सनावद हा पहिला टप्पा १ डिसेंबर १८७४ ला उघडला, मग नर्मदेवर पूल झाला, मग हा घाट चढून लाईन इंदूरला पोचली. मुदत किती लांब धरली होती बघा: कर्ज १८७० च्या सुमाराचं, म्हणजे शेवटचा हप्ता स्वतंत्र भारतात, संस्थानं विलीन झाल्यावर. हिशेब कुणी कुणाला चुकता केला, हा प्रश्न इंदुरातल्या जुन्या मराठी घरांत अजून चहाबरोबर निघतो.

काळाकुंड स्टेशनावर उतरून कलाकंद खायचा. पळसाच्या पानाच्या द्रोणात मिळतो, दाणेदार, किंचित धुरकट वासाचा. पूर्वी वर चढणाऱ्या गाडीला इथे मागून दुसरं इंजिन जोडत, त्यात वेळ जाई, आणि त्या वेळातच हा धंदा उभा राहिला.

पाताळपाणीला गाड्या तंट्या मामाला सलामी देतात, हे खरं का?

गाड्या थांबायच्या, हे खरं. कारणं दोन सांगतात. निमाडचा बंडखोर तंट्या भिल्ल याला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी दिलं. त्याचा देह पाताळपाणीजवळ रुळांपाशी आणून टाकला अशी इथली समजूत आहे. तिथे त्याचं देऊळ आहे. गाडी थांबली नाही, शिट्टी दिली नाही तर घाटात अपघात होतो, असं चालकही म्हणत. रेल्वेच्या भाषेत मात्र तीव्र उतारापूर्वी ब्रेक तपासायला गाडी थांबवायचीच असते. मला दोन्ही कारणं पटतात. ब्रेक तपासायच्या जागी देऊळ असेल तर माणूस ब्रेक जरा जास्त मनापासून तपासतो.

मुलांना घेऊन पाताळपाणीच्या धबधब्यावर गेलं तर चालेल?

वरच्या कठड्यामागून बघा. पात्रात उतरू नका, सेल्फीसाठी तर नाहीच. पाऊस वर महूकडे पडतो, खाली ऊन असतं आणि पाणी काही मिनिटांत चढतं. जुलै २०११ मध्ये एक कुटुंब पात्रातल्या दगडांवर उभं असताना असंच वाहून गेलं. कुंडाचा तळ पाताळाला लागतो, असं म्हणतात. ते खोटं असलं तरी कुंडाला भ्यावं, अशीच ही जागा आहे.

धारला उतरण्यात अर्थ आहे का? सगळे थेट मांडूला जातात.

लाट मशिदीसाठी उतरा, अर्धा तास पुरतो. बाहेरच्या ओट्यावर एका लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे आडवे पडले आहेत. तिन्ही मिळून लांबी १३ मीटरच्या वर, वजन सुमारे ७,३०० किलो. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ सात मीटरच्या आसपास आहे, म्हणजे हा त्याच्या जवळजवळ दुप्पट. तापवलेले लोखंडाचे गोळे एकावर एक ठोकून, जोडत जोडत बनवला. परंपरेने तो राजा भोजाचा, म्हणजे अकराव्या शतकातला मानतात. माळव्याचा सुलतान दिलावर खान याने १४०५ मध्ये मशीद बांधली आणि स्तंभाच्या नावावरून (लाट म्हणजे स्तंभ) तीच लाट मशीद झाली. १५९८ मध्ये अकबर इथून गेला त्याचा लेखही स्तंभावर कोरलेला आहे.

गावातली गोष्ट वेगळी. गांगली नावाची एक महाकाय तेलीण होती, हा तिच्या तराजूचा दांडा आणि शेजारचे दगड म्हणजे वजनं. "कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली" ही म्हण त्याच तेलिणीवरून आली, असं धारचे लोक छातीठोक सांगतात. कोल्हापूरकर पाहुणे असतील तर ते लगेच पन्हाळ्याची वेगळी कथा काढतात. दोघांनाही बोलू द्यावं.

दिल्लीच्या स्तंभाला माणसांच्या रांगा आहेत. इथे बहुतेक वेळा दोन शेळ्या आणि पुरातत्त्व खात्याचा निळा फलक असतो.

मांडूत रस्त्यावर विकायला ठेवलेलं ते मखमली भोपळ्यासारखं फळ कोणतं?

मांडूची इमली, किंवा खुरासानी इमली. मराठीत गोरखचिंच. हे झाड मूळचं आफ्रिकेचं, बाओबाब. खोड एवढं जाड की पाच-सहा जणांनी हात धरून वेढा घातला तरी पुरत नाही. साल राखाडी, गुळगुळीत, काही ठिकाणी सुरकुतलेली. वर्षातले बरेच महिने झाड निष्पर्ण असतं आणि पाहुणे हमखास विचारतात, "हे वाळलं का?" वाळलेलं नसतं. पहिल्या पावसाबरोबर पानं फुटतात, मोठी पांढरी फुलं खाली डोकं करून लोंबतात. ती रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांच्याकडे येतात.

माळव्याच्या सुलतानांचे अरबस्तान आणि हबसाणाशी (म्हणजे इथिओपियाशी) संबंध होते, त्यातून चौदाव्या-पंधराव्या शतकात कुणी बिया आणल्या, असं साधारण मानलं जातं. सुलतान गियासुद्दीन खिलजीच्या जनानखान्याच्या पहाऱ्यावर हबशी स्त्रिया होत्या, अशी नोंद जुन्या इतिहासांत आहे. तेव्हा बी कुणाच्या गाठोड्यातून आलं असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा. भारतात ही झाडं इतरत्रही तुरळक आहेत, पण डोंगरमाथ्यावर अशी वस्ती करून राहिलेली मांडूतच.

फळ घ्यायचं तर हलवून बघा. आतून खुळखुळ वाजलं तर गर वाळलेला आहे. कवच फोडलं की पांढऱ्या, ठिसूळ वड्या निघतात, आत बी. चव आंबट, जिभेला किंचित कोरडं पाडणारी. पाण्यात कोळून, गूळ आणि मीठ घालून सरबत छान होतं. आमच्या घरी आमटीतही घालून पाहिली, पण चिंचेची सर नाही.

मांडूत जहाज महाल, रूपमतीचा मंडप सोडून काही?

सुलतान होशंगशहाच्या संगमरवरी मकबऱ्याच्या दाराशी एक लेख आहे. १६५९ मध्ये शाहजहानचे चार वास्तुकार ही इमारत बघायला, तिला मान द्यायला आले होते, त्याची ती नोंद. त्यांत उस्ताद हमीद होते. ताज बांधणाऱ्या पिढीतली माणसं माळव्यात येऊन एका जुन्या घुमटापुढे उभी राहिली, हे मला घुमटापेक्षा जास्त आवडतं.

आणि खाण्याचं म्हणाल तर गियासुद्दीनच्या दरबारात निमतनामा हा सचित्र पाकग्रंथ तयार झाला. त्यात समोशाचे कितीतरी प्रकार आहेत. हस्तलिखित आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. मांडूत तुम्हाला समोसा गाडीवर मिळेल, पण खरं खायचं ते दाल-पानिया: मक्याच्या पिठाचे गोळे पानांत दाबून गोवऱ्यांवर भाजलेले, वर तूप.

बागला डायनासोरच्या अंड्यांची पूजा करतात, ही अफवा की खरं?

खरं, आणि अफवेपेक्षा चांगलं.

धार जिल्ह्यात बाग-कुक्षी भागात, नर्मदेच्या खोऱ्यात, चुनखडीच्या थरांत टायटॅनोसॉर जातीच्या, लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांची घरटी सापडली आहेत. २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली आहेत. अंड्यांचा व्यास १५ ते १७ सेंटिमीटर. घरटी एकमेकांना इतकी खेटून आहेत की एवढ्या अजस्र माद्यांना मध्ये वावरायला जागाच नव्हती. त्यावरून अभ्यासकांनी असा अंदाज केला की अंडी घालून, मातीने झाकून त्या निघून जात, पिल्लं आपली आपण. त्याआधी २०२२ मध्ये याच भागातल्या पाडल्या गावाजवळ अंड्याच्या आत अंडं असलेला जीवाश्म सापडला. असं पक्ष्यांत कधीमधी होतं, डायनासोरांत ते पहिल्यांदाच दिसलं.

याच पाडल्या परिसरात शेतकरी नांगरताना वर आलेले हे गोल दगड पिढ्यान्‌पिढ्या काकड भैरव म्हणून पुजत आले. काकड म्हणजे शेतशिवार, त्याचा राखणदार भैरव. गुरं, पीक यांचं रक्षण करतो म्हणून नारळ, नैवेद्य. २०२३ च्या अखेरीस तज्ज्ञांनी त्यांतले काही दगड टायटॅनोसॉरची अंडी असल्याचं सांगितलं आणि देशभर बातम्या झाल्या. बातम्यांचा सूर जरा हसण्यावारी होता. बांधावरच्या म्हसोबाला शेंदूर लावणाऱ्या आपल्या लोकांना हसू यायचं कारण नाही. उलट, पूजेत ठेवले म्हणून ते दगड फुटले नाहीत, बांधात चिणले गेले नाहीत. गोल, जड, आतून काहीतरी असल्यासारखा वाटणारा दगड वेगळा आहे, एवढं त्या शेतकऱ्याने कुठलंही पुस्तक न वाचता ओळखलं होतं.

आता थर समजून घ्या, म्हणजे प्रवास वाया जाणार नाही. सगळ्यात खाली बागचे सागरी थर. साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राची एक जीभ नर्मदेच्या खोऱ्यात शिरली होती. त्या थरांत शिंपले आणि शार्कचे दात मिळतात, समुद्रापासून कित्येक कोस आत. त्याच्या वर अंड्यांचे थर. आणि त्यावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, ज्याने दख्खन झाकून टाकलं. रायगडाचा कडा आणि राजवाड्याच्या खालच्या मजल्यांचा काळा दगड त्याच घराण्यातला. इंदूरहून बागला जाताना घाट उतरता तेव्हा तुम्ही हे थर एकामागून एक मागे टाकत जाता.

एखादं छोटं अंडं किंवा शिंपला आणता येईल का?

नाही. बागला जीवाश्मांसाठी राष्ट्रीय उद्यान आहे, उचलणं गुन्हा आहे. आणि गावात कुणी "असली अंडा" म्हणून विकायला आणलं तर ते बहुधा नदीतला गोटा असतं.

बागची लेणी अजिंठ्यासारखी आहेत का?

काळ जवळचा, साधारण पाचवं-सहावं शतक. बौद्ध विहार, भित्तिचित्रं, बाघिनी नदीचा काठ. पण दगड वेगळा. अजिंठा कठीण बसाल्टमध्ये कोरलेलं, बाग मऊ वालुकाश्मात. नऊ लेण्यांपैकी चार कोसळली, पाच उरली. चित्रं ओलीने जाऊ लागली म्हणून १९८२ मध्ये बरीचशी भिंतीवरून काढून ग्वाल्हेरच्या गुजरी महाल संग्रहालयात नेली. त्याआधी १९२१ मध्ये नंदलाल बोस आणि त्यांच्या सोबतच्या चित्रकारांनी प्रतिकृती करून ठेवल्या, ते फार बरं झालं.

तेव्हा रंगमहाल म्हणतात त्या चौथ्या लेण्यात जाऊन "चित्रं कुठायत?" म्हणून रखवालदारावर चिडू नका. भिंत बघा, खांब बघा, आणि गावात बाग प्रिंटचे कारखाने बघा. लाल-काळे ठसे, लोखंडाच्या गंजातून तयार होणारा काळा रंग, वाहत्या पाण्यात धुतलेलं कापड. इंदूरच्या दुकानात तीच चादर दुप्पट भावाला मिळते.

कावडिया पहाडावरचे खांब कुणी रचले?

भीमाने, असं तिथले लोक सांगतात. देवास जिल्ह्यात, उदयनगरच्या बाजूला जंगलात डोंगरभर सरळसोट, बहुकोनी दगडी खांब एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसतात. भीमाने कावडीने वाहून आणले, नर्मदेला अडवायचं होतं, रात्र संपली आणि काम राहिलं, अशी कथा.

दगडाचं म्हणणं असं: लाव्हारसाचा जाड थर हळूहळू थंड होताना आकसला. तळ्यातला चिखल वाळताना जसा सहा-सात कोनांत फाटतो तशा भेगा पडल्या आणि त्या खोलवर सरळ उतरत गेल्या. मुंबईकरांनी अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर तोच प्रकार. फक्त तिथे भोवती इमारती आहेत आणि इथे सागाचं जंगल. काही खांबांवर छोटा दगड ठोकला तर धातूचा नाद निघतो. प्रत्येक जण वाजवून बघतो, म्हणून कडा झिजल्या आहेत. एकदा ऐकलंत की पुरे करा.

सोबत पाणी आणि स्थानिक माणूस घ्या. फलकांचा भरवसा नाही, मोबाइलला रेंज नाही.

पावसामुळे शहरातच अडकलो तर?

लालबाग, राजवाडा, कांच मंदिर सगळे सांगतीलच. मी माणिकबागची गोष्ट सांगते. महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून हा महाल बांधून घेतला. घुमट नाहीत, कमानी नाहीत, झुंबरं नाहीत. सरळ रेषा, पोलादी फर्निचर, काच. म्हैसूर-बडोद्याच्या महालांशेजारी ठेवला तर कुणी कारखाना म्हणेल. त्याच महाराजांनी पॅरिसमध्ये कॉन्स्टँटिन ब्रांकुसी या शिल्पकाराची "अवकाशातला पक्षी" ही तीन शिल्पं घेतली, एक ब्राँझचं, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचं, आणि त्यांच्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचं ठरवलं. ब्रांकुसी त्यासाठी इथे आलाही, १९३८ च्या सुरुवातीला. मंदिर मात्र झालं नाही. दोन संगमरवरी पक्षी आता ऑस्ट्रेलियात कॅनबेराला आहेत, ब्राँझचा अमेरिकेत. फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात गेलं.

महालात आज केंद्र सरकारच्या कर खात्याचं कार्यालय आहे. पर्यटकांना आत सोडत नाहीत, बाहेरून रस्त्यावरून जेवढं दिसेल तेवढं. जगातल्या संग्रहालयांत ज्याच्या खुर्च्या काचेआड ठेवल्या आहेत, त्या घरात आपले लोक करविवरणाच्या फायली घेऊन रांगेत उभे असतात.

गौतमपुऱ्याचं हिंगोट युद्ध बघायला जावं का?

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या पाडव्याला, इंदूरपासून साठेक किलोमीटरवर गौतमपुऱ्यात संध्याकाळी होतं. हिंगोट म्हणजे हिंगणबेटाचं फळ. आतून पोखरून, वाळवून, त्यात बंदुकीची दारू भरतात, तोंड मातीने बंद करतात, दिशा राहावी म्हणून बांबूची काडी बांधतात. गौतमपुऱ्याचे तुर्रा आणि रुणजीचे कलंगी असे दोन पक्ष. शाहिरीतले कलगी-तुरे आठवतील, पण इथे सवालजवाब आगीचे असतात. हातात ढाल, डोक्याला फेटा, आणि संपल्यावर गळाभेट.

माणसं भाजतात, जीवही गेले आहेत. जाळीमागून, लांबून, सुती कपड्यांत बघायचं असेल तर जा. लहान मुलांना नेऊ नका. मी स्वतः पुन्हा जाणार नाही, पण जे गेले त्यांना नावं ठेवत नाही.

थोरल्या बाजीरावांची समाधी नक्की कुठे?

रावेरखेडीला, खरगोन जिल्ह्यात, नर्मदेच्या दक्षिण काठावर. इंदूरहून बडवाह, सनावद आणि तिथून आत. २८ एप्रिल १७४० ला बाजीराव इथे छावणीत वारले, वय ३९. समाधी राणोजी शिंद्यांनी बांधवली. दगडी आवार, मध्ये समाधी, पलीकडे नदी. शनिवारवाड्याला तिकीट काढून गर्दी करणारे आपण इथे क्वचितच येतो. पाण्याची बाटली आणि जेवण सोबत न्या, हॉटेल नाही.

२१ जूनला उज्जैनला सावली खरंच नाहीशी होते?

जवळजवळ. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं उत्तरेला, डोंगला गावाजवळून जातं. तिथे २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उज्जैनच्या वेधशाळेत, सवाई जयसिंगाच्या यंत्रांपाशी, पाव अंशाचा फरक राहतो. एक मीटरच्या काठीची सावली साडेचार मिलिमीटर, ती कुणाला दिसणार? घड्याळात तेव्हा १२ वाजून २८ मिनिटं झालेली असतात, कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर लावलेलं आहे आणि उज्जैन त्याच्या बरंच पश्चिमेला आहे.

पुण्यात शून्य सावली मेच्या मध्यावर येते आणि ढग नसतात. इंदूरला ती जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, साडेबाराच्या सुमारास येते. गच्चीवर पाण्याची बाटली उभी करून मुलांना दाखवायला जूनचीच धरा. जुलैत सूर्यच दिसेल याची खात्री नाही.

बऱ्हाणपूर लांब पडतं. जावं का?

इंदूरहून पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटर, म्हणून मुक्कामाने जा, किंवा जळगाव-भुसावळकडे परतताना वाटेत घ्या. बघायचा तो कुंडी भंडारा. १६१५ मध्ये, अब्दुर्रहीम खानखाना सुभेदार असताना, इराणी पद्धतीने जमिनीखालून बोगदा खोदून सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी शहरात आणलं. वर शंभरेक विहिरीसारख्या कुंड्या, खालून सगळ्या जोडलेल्या. पंप नाही, चाक नाही, फक्त उतार. चारशे वर्षांनंतरही पाणी वाहतं. लिफ्टने खाली उतरता येतं, पण ती सुरू आहे का हे आदल्या दिवशी विचारून घ्या. खाली भिंतींवर चुन्याची पांढरी पुटं चढलेली असतात आणि पाणी घोट्यापर्यंत, थंडगार.

तापीच्या पलीकडे जैनाबादला मुमताज महलचं पहिलं दफन झालं होतं. जून १६३१ मध्ये ती बऱ्हाणपुरातच गेली, आणि डिसेंबरात तिला आग्र्याला नेलं. बाजारात मराठी बोला, कुणी वळून बघणार नाही, उलट दराबा, म्हणजे इथली मिठाई, जरा जास्त तोलून देतील.